दप्तर चावडीवर वाचा

कुळकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे, हें आमच्या आज्यापणज्यांस कधीं कळलें नाहीं. कोल्हापूर दरबारनें १९१८ सालीं कुळकर्णी वतनें काढून तलाठी नेमले. पण दप्तराची गांठ सुटली कोठें? ती सोडण्याची रीत राजस्थानांतील मजुरांनीं दाखविली. तेव्हांच्या पाली जिल्ह्यांतील कोट किराणा येथें २ डिसेंबर १९९४ रोजीं त्यांनीं जनसुनावणी भरवून सरकारी कामांचीं मस्टरें सर्वांदेखत वाचविलीं. ज्यानें घमेलें उचललें नाहीं त्याच्याही नांवावर मजुरी निघालेली! निरक्षर माणसेंही आपलें नांव ऐकून उभीं राहिलीं व खरें बोललीं. त्या चळवळीच्या रेट्यानें २००५ सालीं देशभर माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

आतां दहा रुपयांच्या अर्जावर मस्टराची नक्कल मागतां येते. दारिद्र्यरेषेखालील घरास तेही लागत नाहींत. उत्तर तीस दिवसांत द्यावें लागतें. पण शेतकरी बंधूंनो, नक्कल आणून आढ्याला खोंचून ठेवली तर तिचा काय उपयोग? आपल्या विहिरीचें, पाणंदीचें मस्टर आणा आणि ग्रामसभेंत सर्वांसमोर वाचा. कोणी रागावेल, तर रागावो बापडा. वाचणारा मिळत नसेल तर शाळामास्तरास हांक मारा. एवढें तरी तो करील.