पुरातली बोट, ई२० पेट्रोल आणि ऐन वेळी चालू न होणारी मोटर

१८ ऑगस्ट २०२५ चे मुखेडचे व्हिडिओ आठवतात? लेंडी धरणाच्या पाणलोटात सुमारे २०६ मिमी पाऊस, वरून उदगीरकडचं आणि कर्नाटकातलं पाणी, आणि रावणगाव, हसनाळमध्ये अडकलेली माणसं. एसडीआरएफ आली, सैन्याची तुकडी आली. सगळे बोटी बघत होते, मी बोटीमागचं इंजिन बघत होतो. ही आउटबोर्ड मोटर. आपत्ती व्यवस्थापनातले लोक तिला नुसतं ‘ओबीएम’ म्हणतात.

रोज सराव करणाऱ्या पथकांचं ठीक आहे. पण तालुक्याच्या गोदामातली ओबीएम वर्षभर झाकून पडते आणि एका रात्रीत तिला पहिल्या झटक्यात चालू व्हायचं असतं. त्यात आता पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे ई२०, २० टक्के इथेनॉल. मायलेजवरून गाडीवाल्यांनी ओरड केली, सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली. बोटीच्या मोटरचं नाव त्या सगळ्या वादात मला तरी दिसलं नाही. बहुतेक ओबीएमच्या मॅन्युअलमध्ये मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्केच असते.

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक मोटरचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं (बऱ्याच मॉडेलला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली). ते वरच्या थरात राहतं. म्हणजे मोटर चालूच होत नाही, नाहीतर बिनऑइलची चालून पिस्टन जाम होतो.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. तुमच्या बीएस६ बाईकचा सेन्सर सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. हा फीडबॅक लूप. कार्ब्युरेटरवाल्या ओबीएमला असलं काही नाही, जेटचं भोक ठरलेलं. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. मग कुणीतरी स्क्रू पिळून आयडल जमवतं. काठावर मोटर मस्त वाटते. पण तो स्क्रू फक्त आयडलपुरता. धारेत फुल रेस दिली की काम मेन जेटवर जातं, तिथं कमतरता तशीच, आणि इंजिन तापतं.

मोटर चालू होत नसेल तर दोरी ओढून दमण्याआधी किल-स्विचची क्लिप बघा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा, मग चोक. तरीही नाही? टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले तर हलवून एकत्र करायच्या भानगडीत पडू नका, टाकी रिकामी करा. नंतर प्लग काढा: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर स्पार्कचा घोळ. चालू झाल्यावर पाण्याची बारीक धार बाहेर पडते का बघा. पुरात सोयाबीनचं काड आणि प्लास्टिक अडकतं. धार थांबली की मोटर लगेच बंद.

मान्सूनपूर्व बैठकीत बोटी किती, ते मोजतात. त्या यादीत दोनच रकाने वाढवायला हवेत: पेट्रोल कधी भरलं आणि मोटर शेवटची कधी चालवली. क्यूआर स्टिकर आणि गूगल फॉर्ममध्ये भागतं. महिन्यातून एकदा पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं चालवायची, शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होऊ द्यायचा.