पैजेचा मैल

मराठी माणसाच्या पैजा पूर्वीपासून बहुतेक पंगतीतल्या. जिलब्या किती, श्रीखंडाच्या वाट्या किती, बुंदीचे लाडू किती, यावर बोली व्हायची आणि वाढपी मोजदाद ठेवायचे. अशा पैजेत एक मोठी सोय असते. आपल्या पोटाची मर्यादा आपल्याला ठाऊक असते. ती रोज दोन वेळा तपासली जाते. धावण्याच्या पैजेत ही सोय नाही. चाळिशी ओलांडलेला नोकरदार गृहस्थ जीव तोडून शेवटचा कधी धावलेला असतो? फार तर सुटत्या एस्टीमागे. आणि त्या पन्नास पावलांच्या भरवशावर तो बेधडक बोलून जातो, "एक मैल सहा मिनिटांत? त्यात काय मोठे!"

आमच्या स्टाफरूममध्ये गेल्या हिवाळ्यात नेमके हेच वाक्य उच्चारले गेले. उच्चारणारे सद्गृहस्थ अर्थशास्त्र शिकवतात. वय पंचेचाळीस, प्रकृती उत्तम, पोट बेताचे. मैल हा शब्द सरकारने केव्हाच निवृत्त केला असला तरी पैजेत तोच शोभतो. किलोमीटरला तो रुबाब नाही. मैल म्हणजे १६०९ मीटर. चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. हरणाऱ्याने साऱ्या स्टाफला मिसळ खिलवायची, असे ठरले.

आमचे जिमखान्याचे सर मोठे वस्ताद. ते म्हणाले, "अहो, सहा मिनिटांचा मैल म्हणजे दर शंभर मीटरला साडेबावीस सेकंदसुद्धा नाहीत. आधी शंभर मीटर तर धावून दाखवा." अर्थशास्त्री वीस सेकंदांत धावून आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "झाले तर मग! असे सोळा वेळा." जिमखान्याचे सर नुसते हसले आणि त्यांनी पैज घेतली.

या "असे सोळा वेळा"मध्येच सारी गोम आहे. विलायतेत एके काळी या गोमेवर मोठमोठ्या रकमा लागत. १७७३ साली फॉस्टर पॉवेल नावाचा वकिलाचा एक कारकून लंडनहून यॉर्कला पायी जाऊन सहा दिवसांच्या आत परत आला. अंतर सुमारे ४०० मैल. पुढे १८०९ साली न्यूमार्केट येथे कॅप्टन बार्क्ले याने हजार गिनींवर पैज घेतली, की हजार तासांत हजार मैल चालेन, पण दर तासाला एक मैल. ऐकायला किती सोपे! तासाला एक मैल आमची आजीसुद्धा चालली असती. पण हा प्रकार बेचाळीस दिवस आणि बेचाळीस रात्री चालायचा होता. बार्क्लेने एक युक्ती केली. एका तासाच्या शेवटी एक मैल आणि दुसऱ्या तासाच्या आरंभी लगेच दुसरा, असे जोडमैल चालून तो मधे दीड तासाची झोप पदरात पाडून घेई. तो जिंकला, वजन मात्र चौदा-पंधरा किलोंनी उतरले. ही माणसे नवशिकी नव्हती, कसलेली होती. नवशिके होते ते त्यांच्याविरुद्ध किंवा त्यांच्या बाजूने पैसे लावणारे, एका तासाचा हिशेब करून हजार तासांचा निकाल सांगणारे.

शरीराचा हिशेब कसा चालतो ते आमच्या अर्थशास्त्र्यांच्याच भाषेत सांगतो. धावायला सुरुवात केली की पहिले आठ-दहा सेकंद स्नायू हातातल्या रोकडीवर चालतात. ती सरली की उसनवारी सुरू होते. साखरेचे ज्वलन प्राणवायूवाचून होते, काम भागते. पण व्याज चढत जाते आणि ते मांड्यांतून वसूल होते. खरा पगार म्हणजे श्वासातून येणारा प्राणवायू. तो पूर्ण हाती यायला मिनिट-दीड मिनिट लागते. शंभर मीटर धावणारा माणूस रोकड आणि थोडी उसनवारी यांवरच घरी परततो; पगार किती आहे, हे त्याला कळतच नाही. मैल धावणाऱ्याला मात्र बहुतांश खर्च पगारातून भागवावा लागतो.

आता आकडे पाहा. सहा मिनिटांत मैल धावायचे तर ढोबळ हिशेबाने शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ५७ मिलिलिटर प्राणवायूची मागणी येते. व्यायाम न करणाऱ्या निरोगी तरुणाची मिळकत साधारण चाळीस-पंचेचाळीस. पंचेचाळिशीतल्या प्राध्यापकाची पस्तीसच्या आसपास. थोडी तूट उसनवारीने भरून निघते, पण एवढी नव्हे. आठ मिनिटांच्या मैलाची मागणी ४४च्या घरात येते, म्हणजे बिनसरावाच्या तरुणाने ती पैज घेण्यात शहाणपण आहे. सहा मिनिटांची पैज घ्यावी ती फुटबॉल नाहीतर कबड्डी नित्य खेळणाऱ्या पोराने. पण त्याला बिनसरावाचा म्हणणे ही लबाडी झाली.

पैजेचा दिवस उजाडला. पहिली फेरी नव्वद सेकंदांत पुरी झाली तरी चालणार होते; आमचे मित्र अठ्ठ्याहत्तर सेकंदांत आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला एकशेसहा सेकंद लागले. तिसरीत, कडुनिंबाच्या वळणावर, त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिले आणि ते चालू लागले. जिमखान्याच्या सरांनी शर्यत तिथेच थांबवली, त्यांना सावलीत आणले, नाडी पाहिली. हे त्यांनी फार चांगले केले. वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हृदयाला असा एकाएकी ताण देणे ही थट्टेची गोष्ट नाही. टॉलस्टॉयच्या त्या प्रसिद्ध कथेतला पाहोम सूर्यास्तापूर्वी जेवढ्या जमिनीला वळसा घालील तेवढी त्याची होणार असते. सकाळच्या हुशारीत तो फार लांब जातो, उतरत्या उन्हात धावत परत येतो आणि रेषेवर येऊन प्राण सोडतो. ती कथा मी वर्गात लोभावर म्हणून शिकवीत आलो. पहिली फेरी जास्त वेगाने धावण्यावरचीही ती कथा आहे, असे आता सांगतो.

तिसरी फेरी कोणालाच चुकत नाही. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत. त्याच्याही चार फेऱ्यांत सर्वांत मंद फेरी तिसरीच होती, बासष्ट सेकंदांच्या थोडी वर. तो पेशाने वैद्यकाचा विद्यार्थी, सराव दुपारच्या सुटीतला. पण सराव नेमाने केलेला, आणि पुढे वेग धरून देणारे दोन मित्र. आमच्या मित्रापुढे होता तो फक्त मिसळीचा वास.

कोणी वाचक विचारतील, बारामतीच्या लता करे यांचे काय? त्यांनी कुठे सराव केला होता? २०१४ साली साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. पण शेतमजुरी करीत उन्हातान्हात मैलोन् मैल चाललेल्या बाईला बिनसरावाची म्हणणारे आपण कोण? त्यांचा पगार आयुष्यभर वाढत आला होता. शिवाय त्यांची शर्यत माणसांशी होती. पुढची बाई दमली तर मागच्या बाईला संधी मिळते. घड्याळाशी लागलेल्या पैजेत अशी आशा नसते.

घड्याळाशी पैज लावलेली पुष्कळ मुले माझ्या वर्गात बसतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत धावले तर पूर्ण वीस गुण मिळतात. मुलींना ८०० मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत. मुलांच्या वाट्याला फेरीमागे साडेसत्त्याहत्तर सेकंद येतात, म्हणजे आमच्या मित्राची पहिली फेरी, आणि तशा चार. इथे मिसळ पणाला लागलेली नसते. नोकरी, घराचे कर्ज, धाकट्या बहिणीचे शिक्षण लागलेले असते. काही मुले जाहिरात आल्यावर धावायला लागतात. ही पैज नव्हे, जुगार आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत उकाड्यात पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले, त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. अंतर कमी झाले म्हणून पहिल्या फेरीतला मोह कमी होत नाही.

दोन-तीन महिन्यांच्या नेमाच्या सरावाने प्राणवायूची मिळकत दहा ते वीस टक्क्यांनी वाढू शकते. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते. मोठा सराव तर आणखीच साधा आहे. आठवड्यातून बरेचसे दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश लांब धावायचे, एक-दोन दिवस चारशे-चारशेच्या फेऱ्या ठरलेल्या वेळेत मारायच्या, मधे विसावा घ्यायचा. पहिली फेरी मुद्दाम हळू मारायला शिकणे हेच सर्वांत कठीण जाते, असे जिमखान्याचे सर म्हणतात. मित्राला घड्याळ घेऊन उभे करावे आणि दर दोनशे मीटरला त्याने वेळ ओरडून सांगावी.

माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी पहाटे साडेचारला बायपासवर धावतो आणि साडेसातच्या तासाला ओल्या केसांनी येऊन मागच्या बाकावर बसतो. जूनमध्ये त्याला सहा मिनिटे पाच सेकंद लागत होते. दिवाळीच्या सुटीआधी मी विचारले, तेव्हा म्हणाला, "पाच बत्तीस झाले, सर. तिसरी फेरी अजून अठ्ठ्याऐंशीची जाते." सुटीत गावी जाणार नाही, म्हणाला, गावाकडे चारशे मीटर सपाट जागा नाही.