आमच्या गाडीचा पंप कोणी उघडावा?

मासिकासाठी काही लिहितोस का, असे सरांनी विचारले तेव्हा मी चटकन होकार दिला. पण विषय सांगितला आणि सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “डिझेल पंप? अरे, तू कॉमर्सचा ना?”

होय, मी कॉमर्सचाच. बी. कॉम.च्या चौथ्या सत्रात शिकतो. शाळा मराठी माध्यमाची, गल्लीत अर्धे बोलणे कन्नडात आणि कॉलेजात आल्यापासून डेबिट-क्रेडिट इंग्रजीत. या तीन भाषांचा मला आजवर सर्वांत मोठा उपयोग झाला तो परीक्षेच्या हॉलमध्ये नव्हे, तर आमच्या अंगणात, एका पिकअपच्या बॉनेटखाली वाकून. त्या आठवड्यात माझे एक मत बनले. ते मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची पिकअप २०१३ सालची, सेकंडहँड घेतलेली. हप्ते अजून चालू आहेत. बाबा रात्री बेळगावात भाजी भरतात आणि चोर्ला घाटाने गोव्यात उतरतात. म्हापशाच्या बाजारात पहाटे जी कोबी, गाजरे, मिरच्या दिसतात त्यांतल्या पुष्कळशा आमच्याच बाजूने गेलेल्या असतात, हे गोव्याकडच्या वाचकांना सांगायला नको. गाडी चालली तर घर चालते, इतका हा साधा हिशेब आहे.

जानेवारीत गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होऊ लागली. मग परतीच्या वाटेवर, रिकामी असूनही, घाट चढताना जोर धरेनाशी झाली. आणि एका सकाळी चढावरच बंद पडली ती उठलीच नाही. माल आधीच उतरला होता एवढेच नशीब. टोइंगचे पैसे देऊन ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे स्कॅनर लावला, पी-००८७ असा कोड आला, आणि तासाभरात एस्टिमेटचा कागद हातात पडला : हाय प्रेशर पंप, चारही इंजेक्टर, रेल, सगळे पाइप नवीन. एक लाख बारा हजार रुपये, नऊ दिवस. बाबांनी विचारले, “सगळंच का हो?” उत्तर आले, “कॉम्प्युटर सांगतो.”

बाबा गप्प बसले. मी मात्र त्या कोडचा अर्थ मोबाइलवर इंग्रजीत वाचला. त्यात पंप बिघडला असे कुठेच नव्हते. ‘रेलमधला दाब कमी आहे’ एवढेच तो कोड सांगतो. कॉमर्सच्या मित्रांना हे लगेच समजेल. ट्रायल बॅलन्स जुळत नाही एवढेच बेरीज सांगते. कोणती नोंद चुकली ते आपल्याला शोधावे लागते. बेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळ्या वह्या जाळून टाकतो का?

आता ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. टाकीतले डिझेल फिल्टरमधून या पंपाकडे येते. पंप ते प्रचंड दाबाने एका जाड नळीत भरतो, तिला रेल म्हणतात. आणि रेलमधून चार इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. मोटारींत ही कॉमन रेल पद्धत १९९७ पासून आली. पहिल्या पिढीत दाब १३५० बार होता, पुढे १६०० झाला आणि आता दोन हजारांच्याही वर गेला. मोटारीच्या चाकात हवा असते दोन-अडीच बार, यावरून अंदाज करा. या पंपाला वेगळे ऑइल नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. म्हणून डिझेलमध्ये पाणी आले की पंपाच्या पोटात धातू धातूला घासू लागतो. पुढे कीस सुटला तर तो रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीने थेट टाकीपर्यंत पसरतो. वर्कशॉपवाल्यांची यादी लांब होती ती अगदीच निराधार नव्हे. चूक एवढीच की कीस आहे का हे त्यांनी पाहिलेच नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्री राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कन्नड बोलतात, मराठी समजते, पण रागावल्याशिवाय बोलत नाहीत. बाबा संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. अण्णा बॅटरी घेऊन आले, बॉनेट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, फिल्टर कधी बदलला?

इथे मला कबुली दिली पाहिजे. गाडीचा हिशेब मी ठेवतो. त्या वहीत ऑक्टोबरपासून चार महिने एक ओळ माझ्याच अक्षरात आहे : ‘डिझेल फिल्टर, रु. ६५० – पुढील महिन्यात.’ खर्चात कपात करणारा हुशार मुलगा म्हणून आई माझे कौतुक करायची. अण्णांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला तेव्हा काचेच्या पेल्यात आधी अर्धा पेला पाणी आले आणि मग डिझेल. बाबांनी माझ्याकडे पाहिले, पण बोलले काही नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी चारही इंजेक्टरांच्या परतीच्या तोंडांना सलाइनच्या नळ्या जोडल्या आणि चार सारख्या बाटल्या टांगल्या. इंजिन फिरवून पाहायचे, कुठल्या बाटलीत डिझेल जास्त येते. एखादा इंजेक्टर आतून गळत असला तर रेलमध्ये दाब राहत नाही आणि दोष बिचाऱ्या पंपावर येतो. आमच्या चारही बाटल्या जवळजवळ सारख्या, आणि अगदी थोड्या भरल्या. पण पंपाच्या स्वतःच्या परतीच्या नळीतून डिझेल धो धो येत होते. म्हणजे पंप दाब धरत नव्हता, आतून झिजला होता. मग पंपावरचा व्हॉल्व्ह काढून त्यातले डिझेल पांढऱ्या बशीत ओतले आणि उन्हात धरले. चांदीसारखी चमक दिसली तर काम घरी करायचे नाही, असे अण्णांनी आधीच बजावले होते. गंजाची थोडी छटा होती, चमक नव्हती. ही सगळी तपासणी चार बाटल्या आणि एक बशी यांवर झाली. एक लाख बारा हजारांच्या कागदात ही ओळ कुठेच नव्हती.

पंप बसवणे हे काम अवघड नाही असे मी म्हणालो तर अण्णा मला मारतील. पण खरोखर बोल्ट काढणे-घालणे हा त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग स्वच्छतेचा. पहिला पूर्ण दिवस आम्ही एकही पान्हा लावला नाही. ब्रशने, डिझेलने, हवेने पंपाच्या भोवतीचा मळ काढत बसलो. केसापेक्षा बारीक कण इंजेक्टरचे तोंड खराब करतो. प्रत्येक नळी सुटली की तिच्या तोंडाला लगेच टोपी. मी मध्येच मोबाइल हाताळून परत आलो की एकच वाक्य, “कै तोळकोंड बा.” हात धुऊन ये. त्या दोन दिवसांत मी जितके हात धुतले तितके करोनाच्या काळातही धुतले नसतील.

दुसरी गोष्ट चेनची. आमच्या इंजिनात पंपाचा गिअर टायमिंग चेनवर चालतो. पंप काढताना तो गिअर जागच्या जागी धरून ठेवावा लागतो. चेन एखादा दात जरी सरकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जाईल. गिअर धरणारे टूल अण्णांनी लेथवर करून घेतलेले होते. ते नसते तर मीच बाबांना म्हणालो असतो की इथेच थांबूया.

आणि तिसरी गोष्ट दाबाची. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब काही वेळ राहतो, म्हणून थांबल्याशिवाय नळी सैल करायची नाही. आणि चालू इंजिनात गळती कधीही बोटाने चाचपायची नाही. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आत डिझेल पसरते आणि ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. अण्णा गळती पाहतात ती लांबून, पुठ्ठ्याचा तुकडा धरून. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या कुणीही हे बॉनेट उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या पंपात बसवण्याआधी स्वच्छ डिझेल भरले, दाबाची नळी आणि तांब्याचे वॉशर नवे घातले, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळले. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. मग स्टार्टर दहा सेकंद, विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. चौथ्या वेळी इंजिन खोकले, पाचव्या वेळी धरले. आईने आतून विचारले, “उठली काय रे?” त्या वेळी बाबांच्या तोंडून शब्द फुटेना.

आता हिशेब. लॅबमध्ये दुरुस्त करून, टेस्ट करून मिळालेला पंप १८,५०० रुपये. नळी, वॉशर, सील, फिल्टर ३,२००. टाकी धुऊन टाकलेले डिझेल १,१००. अण्णांनी घेतले ४,०००, तेही आम्ही बळेच दिले. एकूण २६,८००. लोक इथेच थांबतात आणि ‘एवढे वाचले’ म्हणून मिरवतात. मला हे पटत नाही. गाडी सहा दिवस उभी होती. दिवसाला खर्च जाता १,८०० धरले तर १०,८०० बुडाले. माझी आणि बाबांची मेहनत मी ४,५०० धरली. बाबा हसले, घरच्या माणसाची मजुरी कोण लिहितो, म्हणाले. मी लिहिली. सगळे मिळून ४२,१००. वर्कशॉपचे नऊ दिवस त्याच मापाने धरले तर १,२८,२००. फरक मोठा आहे, पण वरवर दिसतो तेवढा नाही. आणि बशीत चमक दिसली असती तर तो पुसलाही गेला असता.

कोणी म्हणेल, असली कामे जाणत्यांनीच करावीत. मान्य. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नये. इंजेक्टर टेस्ट बेंचशिवाय उघडू नये. नव्या गाड्यांत पंप बदलल्यावर कॉम्प्युटरलाही त्याची ओळख करून द्यावी लागते, ते घरी होणार नाही. पण जाणता कोण, हे कोण ठरवणार? अण्णांनी असे पंप किती बसवले याची मोजदाद त्यांनाही नाही. तरी त्या इंजिनाच्या टॉर्कचे आकडे त्यांना कागदावर कधी मिळाले नाहीत. ते इंग्रजी मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल कंपनीच्या कपाटात. हे कपाट उघडावे असे म्हणणारा मी पहिला नव्हे. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. पुढे अपिले झाली, तो भाग वेगळा. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टलही सुरू केले, मोटारींचा त्यात समावेश आहे. चांगलेच झाले. पण माहिती खुली झाली तरी ती आली कोणत्या भाषेत? बाबा मराठी वाचतात, अण्णा कन्नड. ज्यांच्या हातांना काम येते त्यांना तो कागद वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येतो ते आम्ही, हाताला डिझेल लागेल म्हणून लांब उभे राहतो. आमच्या कॉलेजात ट्रकवाल्यांची, शेतकऱ्यांची, गॅरेजवाल्यांची मुले थोडीथोडकी नाहीत. घरात यंत्र बिघडले की आपण पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जातो. मीही जात होतो. म्हणून तर फिल्टरची ओळ चार महिने पुढे ढकलण्याएवढे मला पंपाबद्दल अज्ञान होते.

सध्या मी एक वही करतो आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. तपासणीचा क्रम, आवळण्याची मापे, काय घरी करू नये ते लाल शाईत. कन्नड मजकूर वर्गातल्या एका मैत्रिणीने तपासून दिला. इंग्रजीतल्या ‘लीक-ऑफ’ला मी जड प्रतिशब्द शोधत बसलो होतो, अण्णा म्हणाले, परत येणारे डिझेल म्हण, सगळ्यांना कळेल. वही त्यांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली आहे. इंजेक्टरची पाने अजून कोरी आहेत. ज्याला लिहिता येईल त्याने रविवारी सकाळी यावे, अण्णा दहानंतर असतात.