मागच्यांवर रोखलेले घड्याळ

डिसेंबरमधील वसई-विरारची आणि जानेवारीतील मुंबईची मॅरेथॉन जवळ आली की डहाणू-बोर्डी किनाऱ्यावरील हौशी धावपटूंत एक वाद हमखास डोके वर काढतो, आणि या आठवड्यात आगरच्या पुळणीवर तो पुन्हा ऐकू आला: पाच तास घेणाऱ्याने स्वतःला मॅरेथॉनपटू म्हणवून घ्यावे काय? मनगटी घड्याळांशी या स्तंभाचे जुने वैर आहे. या वेळी मात्र घड्याळापेक्षा ते बांधणारे मनगट अधिक दोषी आहे.

हा प्रश्न बहुधा चार तासांत शर्यत संपवणारा विचारतो, म्हणून त्याचेच माप त्याला लावून पाहणे उद्बोधक ठरते. 42.195 किलोमीटरसाठी चार तास म्हणजे सुमारे 5 मिनिटे 41 सेकंदांचा ‘पेस’. एक किलोमीटर कापण्यास लागणाऱ्या वेळेला धावपटू हा शब्द वापरतात. पाच तासवाल्याचा पेस सुमारे 7 मिनिटे 7 सेकंदांचा पडतो. केनियाचा दिवंगत धावपटू केल्विन किपटम याने 2023 मध्ये शिकागो येथे हेच अंतर 2 तास 35 सेकंदांत, म्हणजे सुमारे 2 मिनिटे 51 सेकंदांच्या पेसने कापले. चार तासवाला मागच्याच्या एक तास पुढे असला, तरी किपटमच्या जवळजवळ दोन तास मागे असतो. आणि ज्या न्यायाने पाच तासवाला ‘चालणारा’ ठरतो, त्याच न्यायाने शिकागोच्या रस्त्यावर हा न्यायाधीश शतपावली करणारा ठरतो. हे दोन तास त्याला खुपत नाहीत, कारण तेथे नोकरी, वय, गुडघा आणि उपजत देणगी अशी सारी कारणे त्याच्या मदतीला धावतात, मात्र मागच्याच्या बाबतीत आळस हे एकच कारण पुरते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण घड्याळ लावूनही धावते, इतकेच.

वय आणि लिंग लक्षात घेऊन तुलना करण्याची एक रीत ज्येष्ठ धावपटूंच्या स्पर्धांत रूढ आहे: त्या वयोगटातील सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत धावपटूची कामगिरी किती टक्के भरते, हे कोष्टकांवरून काढले जाते. या मापाने तिशीतील चार तासवाला जेमतेम 50 टक्क्यांवर थांबतो, तर पाच तास घेणारी 65 वर्षांची स्त्री त्याच्या स्पष्टपणे पुढे निघून जाते. ही टक्केवारी किनाऱ्यावरील चर्चेत कधी निघत नाही, यात नवल नाही.

संथ धावणाऱ्यांचा ताठाही कमी नसतो. ‘आम्ही आनंदासाठी धावतो’ असे म्हणताना वेगवान धावपटूला आनंद ठाऊकच नाही, असा निवाडा तेही देऊन टाकतात.

मोजण्याला हरकत नाही, पण मोजणाऱ्याने पुढेही मोजावे आणि मागेही. ते जमत नसेल तर घड्याळ घरी ठेवावे. आगरच्या पुळणीवर धावण्यास ओहोटीची वेळ कळली म्हणजे पुरते, आणि ती तिथीवरून कोणताही मांगेला मच्छीमार सांगतो.