फ्रॅक्टल अँटेना खरंच श्रेष्ठ आहे का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, विज्ञान प्रदर्शनासाठी एखादा मुलगा फ्रॅक्टल अँटेनाचा तक्ता करून आणतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘साध्या अँटेनापेक्षा श्रेष्ठ’. शाबासकी जरूर द्या, पण आधी विचारा, “कशात श्रेष्ठ?”

कोख वक्रात प्रत्येक पायरीला तारेची लांबी ४/३ पट होते, म्हणजे चार पायऱ्यांत तिपटीहून जास्त. १०० मेगाहर्ट्झसाठी साधा अर्धतरंग अँटेना सुमारे दीड मीटर लांब असतो. मग तो असा दुमडला की अर्ध्या मीटरमध्ये काम भागेल? नाही! शेजारच्या घड्यांमधले प्रवाह एकमेकांचा परिणाम बराचसा कमी करतात. तार तिप्पट झाली, तरी वारंवारता एक तृतीयांशावर येत नाही.

शिवाय १९४८ मध्ये चू यांनी दाखवलं, की लहान अँटेनाचा पट्टा किती रुंद असू शकतो याची मर्यादा त्याने व्यापलेल्या जागेच्या आकारमानावर ठरते. नक्षी कोणतीही काढा, ही मर्यादा ओलांडता येत नाही. २००० नंतरच्या तुलनांमध्ये तेवढ्याच उंचीची साधी नागमोडी तारही कोख वक्राच्या तोडीस तोड ठरली.

मग फ्रॅक्टल निरुपयोगी का? मुळीच नाही. सिअरपिन्स्की त्रिकोणाचा एकच अँटेना अनेक पट्ट्यांवर चालतो. जागा कमी असेल तिथेही अशा घड्या उपयोगी पडतात.

म्हणून माझं मत असं, की ‘श्रेष्ठ’ हा शब्द खोडून मुलाने ‘कमी जागेत बसणारा, पण पट्टा अरुंद’ असं लिहिलं, तर त्याला पूर्ण गुण द्या. तो विज्ञान शिकला!