सहलीला बंदी, बंगल्याला मोकळीक

सुट्ट्या जवळ आल्या की हल्ली आपल्याही वस्त्यांत पासपोर्टची चर्चा सुरू होते. बँकेत, रेल्वेत, महापालिकेत नोकरीला लागलेली आपली पिढी थायलंडला जाते, श्रीलंकेला जाते, कोणी बालीलाही जाऊन येते. जायलाच पाहिजे. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्यांच्या नातवंडांनी समुद्र ओलांडला तर कोणाच्या पोटात का दुखावे? बाबासाहेब 1950 साली सिलोनला आणि 1954 साली रंगूनला गेले ते बौद्ध परिषदांसाठी. तिथले लोक धम्म कसा जगतात हे त्यांना पाहायचे होते. आपण मूर्तीसमोर फोटो काढतो आणि हॉटेलात परततो, एवढाच काय तो फरक!

पण मुसळधार पाऊस, भाताची खाचरे, दाट रान आणि रानातली माणसे पाहायला विमानच लागते असे नाही. कसारा लोकल पकडा आणि आटगावला उतरा. मुंबईपासून सुमारे 95 किलोमीटर. एका बाजूला माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगाला तानसाचे जंगल. माहुली म्हणजे पळसगड, माहुली आणि भंडारगड असा जोडकिल्ला. 1636 साली शहाजीराजांना याच किल्ल्यावर वेढ्यात अडकून शरण जावे लागले आणि निजामशाही संपली. शेजारच्या मुरबाड तालुक्यात नाणेघाट आहे. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यात वाटलेल्या दक्षिणेची भली मोठी जंत्री आहे. पण याच वाटेच्या एका टोकाला जुन्नरची बौद्ध लेणी आहेत आणि दुसऱ्या टोकाला कल्याण, जिथल्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख कान्हेरीत आजही वाचता येतात. यज्ञाचा हिशेब राणीने कोरून ठेवला, विहार मात्र व्यापारी, कारागीर आणि सामान्य माणसांच्या पैशातूनही उभे राहिले. मुलांना हे घाटात उभे करून सांगा.

आणि सिद्धगड. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी इथे ब्रिटिशांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्यासोबत हिराजी पाटील. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन मुंबईकडे परतणाऱ्यांनी एखाद्या वर्षी माळशेज घाटाची वाट धरावी आणि दुसऱ्या दिवशी सिद्धगडला जावे. बहुजनांचा इतिहास एका स्तंभापाशी थांबत नाही.

आता मुद्द्यावर येतो. या रानात पाडे आहेत. कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी. तानसा, भातसा आणि मोडकसागर ही तिन्ही धरणे एकट्या शहापूर तालुक्यात. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजते आहे, भातसातून तर मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा जातो. आणि एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्या जलाशयापाशी आपण डबा उघडून बसतो त्याचे पाणी त्याच्या काठावरच्या बाईच्या हंड्यात नाही. चवदार तळ्याचे वारसदार म्हणवणाऱ्यांनी हे पाहून पुढे जायचे का?

या पाड्यांना सहलीच्या हंगामात चार पैसे मिळतात. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे, पहिल्या पावसात शेवळी, मग टाकळा, करटोली, भाजलेली कणसे. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेली बाई तेवढ्यावर भातलावणीपर्यंतचे दिवस काढते. पण पाऊस लागला, की जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश निघतो. अमुक धबधबा, तमुक धरण, इतक्या अंतरात प्रवेश बंद. माणसे बुडून मरतात हे खरे आहे, त्या घरांचे दुःख मोठे आहे, आणि दारू पिऊन डोहात उड्या मारणाऱ्यांना आवरलेच पाहिजे. पण उपाय काय? जीवरक्षक नाही, दोरखंड नाही, धोक्याच्या जागी कठडा नाही. एक कागद काढला की जबाबदारी संपली! त्या कागदाने कोणाचे काय जाते? कुंपणाआडच्या रिसॉर्टमध्ये कृत्रिम धबधबा आणि पोहण्याचा तलाव चालूच असतो. टोपलीवालीचा हंगाम मात्र जातो.

कायदा काय म्हणतो ते वकील म्हणून सांगतो. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163. हा आदेश तातडीच्या प्रसंगासाठी आहे, साधारणपणे दोन महिन्यांपुरता. तोच तो आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले. पावसाळा ही काय अचानक उद्भवणारी आणीबाणी आहे? तो दरवर्षी जूनमध्येच येतो.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. शहापूर तालुका संपूर्ण पाचव्या अनुसूचीत आहे, मुरबाडचा काही भागही. इथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी आणि सामूहिक वनाचे व्यवस्थापन गावाच्या हाती देण्याची तरतूद केली. मग धबधब्यावर किती माणसे सोडायची, वाटाड्या कोण, शुल्क किती, दारूच्या बाटल्या कोणी अडवायच्या, हे ग्रामसभेला का विचारले जात नाही? पाण्याची खोली कुठे फसवी आहे हे पाड्यावरच्या पोराला जेवढे ठाऊक आहे तेवढे कोणत्या कार्यालयाला ठाऊक असणार?

जमिनीचेही तसेच. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम 36-अ आहे. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि शहापूर मुंबईच्या आणखी जवळ आले. आपल्यातलेही काही आता "वीकेंडसाठी छोटासा प्लॉट" शोधू लागले आहेत. घेण्याआधी सातबारा आणि जुने फेरफार नीट वाचा. त्यात एखाद्या कातकऱ्याचे किंवा ठाकराचे नाव सापडले तर सौदा तिथेच सोडा, दलाल काहीही सांगो.

सहलीला जाताना पाण्याच्या बाटल्या घरून न्या, जेवण पाड्यावर सांगा, ठरलेले पैसे आधी द्या, करवंदाच्या टोपलीचा भाव करू नका. आणि पुढचा मनाई आदेश निघाला तर त्याची प्रत मिळवा. कलम 163 च्या पोटकलम 5 नुसार बाधित व्यक्तीला तो रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज करता येतो आणि अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. टोपली घेऊन बसणारी बाई बाधित व्यक्तीच आहे. शहापूर, मुरबाड, कल्याणच्या आपल्या तरुण वकिलांनी असे अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत, ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा. मेमध्येच कामाला लागले तर जूनच्या आत ठराव हातात येतो.