एसी पाइप कोरडा कापू देऊ नका

तुमच्या रस्त्यावर पाण्याची जुनी लाइन बदलायचं काम चालू असेल, तर आज जाता-येता त्या चरात डोकावून बघा. राखाडी, सिमेंटसारख्या पाइपवर कोरडाच कटर चालला असेल, तर तिथे उभे राहू नका आणि गप्पही बसू नका. तो बहुधा एसी पाइप, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा. जमिनीत अखंड आहे तोवर त्याच्या धुळीची भीती नाही. कापला, फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि बहुधा 20 ते 40 वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, होऊन वर येऊ शकतात. तोंडावरचा रुमाल त्यांना अडवत नाही.

ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच दिला. चरातल्या रोजंदारीच्या माणसाची नोंद मात्र मुकादमाच्या हजेरीवहीत संपते. चाळिशीनंतर त्याला धाप लागली, तर ती कोणत्या पाइपमुळे, हे कोण सांगणार?

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इमारतीबाहेरच्या एसी पाइपच्या कामाला ॲस्बेस्टॉस ठेकेदाराच्या नोंदणीतून सूट आहे. पण पाइप न फोडता काढायचा, माणसं प्रशिक्षित हवीत आणि हवेतले तंतू ठरलेल्या मर्यादेत राहायला हवेत, या अटींवरच. आपल्याकडे असा पाइप काढायला वेगळा परवानाच लागत नाही. म्हणजे सूट आहेच, आणि तीही बिनअटीची.

म्हणून मजुरावर ओरडू नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मुकादमाला गाठा, कटर बंद करायला लावा. पाइप ओला करून सांध्यापाशी अखंड सोडवायला सांगा. कापावाच लागला तर पाणी मारत, हातकरवतीने. तुकडे भरावात, अंगणात किंवा भंगारात जाऊ देऊ नका. जाड प्लास्टिकमध्ये बांधून ते घातक कचऱ्याच्या अधिकृत जागीच गेले पाहिजेत. पोरांना त्या मातीत खेळू देऊ नका. पावसाळ्याआधी घरावरचे सिमेंटचे जुने पत्रे उतरवाल, तेव्हाही हेच पाळा.

आणि याच आठवड्यात पाणीपुरवठा विभागाला लेखी अर्ज द्या: या अटी ठेक्यात घाला, मजुरांना योग्य मास्क द्या, त्यांच्या नोंदी ठेवा. अर्जावर गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घ्या आणि पोच मागायला विसरू नका.